वर काय राहिलं, खाली काय गेलं

मित्रांनो, मी एक जुनी गाळणी आहे. सुईच्या भोकाला हसणाऱ्या चाळणीची म्हण तुम्ही ऐकली असेल. ती माझी थोरली बहीण. भोकांवरून आमच्या घराण्याची बरीच थट्टा झाली आहे, पण एक सांगते: भोकं आहेत म्हणून तर आम्हाला काम आहे. वर काय राहिलं आणि खाली काय गेलं, एवढाच आमचा हिशेब. तो मी जन्मभर चोख ठेवला. एकदाच चुकला, आणि तीच ही गोष्ट.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. तिथे केसासारखी पोलादी तार कापडासारखी विणत. एका कारागीर बाईने माझी जाळी वाडग्यासारखी दाबली, काठात घट्ट बसवली आणि उजेडाकडे धरून पाहिली. माझ्या अंगातून एवढे बारीक बारीक उजेड एकदम निघाले की मीच दचकले. "ही चालेल," ती म्हणाली. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. पुढची यायला अकरा वर्षं लागली.

ती अकरा वर्षं मी एका दुमजली घराच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली होते. पाहुणे आले की सरबत, नाहीतर धूळ. घरात माणसं दोन. मास्तर लोकांना मोटार चालवायला शिकवत. शेजारच्या सीटपुढे पायाशी त्यांचा स्वतःचा ब्रेक असे, पण जिभेला मात्र कधीच ब्रेक नव्हता. बाई पुस्तकांची बांधणी करत. बोलणं बेताचं, टाके सरळ. तिसऱ्या होत्या मास्तरांच्या थोरल्या बहीण. समोरच्याच गल्लीत राहत. बाई त्यांना वन्सं म्हणत, आणि त्यांचा सल्ला ही या घरात न मागता मिळणारी एकमेव वस्तू होती.

मास्तरांना खाण्याचं भारी वेड. खिशात भुईमुगाच्या शेंगा कायम. मांस-मासे मात्र लहानपणापासून नाहीत. "ज्याला डोळे आहेत, ते मी खात नाही," असं ते म्हणत. "बटाट्यालाही डोळे असतात," बाई म्हणत. "ते माझ्याकडे बघत नाहीत ना!"

मग एका वर्षी मास्तर इस्पितळात गेले आणि परत आले ते निम्मे होऊन. आतड्याला सूज होती, एका जागी वाट बोळासारखी अरुंद झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं: साल नको, बी नको, भाजीतला दोरा नको, कच्चं काही नको. तिथे अडकलं तर कळ येणार. तीन महिने कळ आली नाही तर औषधावर भागेल. नाहीतर आतड्याचा तेवढा तुकडा कापावा लागेल.

"अंडी, मासे घेतले असते तर सोपं झालं असतं," वन्सं म्हणाल्या. "अरे, आता तरी हट्ट सोड."

"ताई, वाट अरुंद झालीय ती पोटातली. शब्दाची नाही."

बाई तो कागद तीनदा वाचून म्हणाल्या, "ताकद यायला वाटाणे, डाळी हव्यात, आणि त्यांची सालं चालणार नाहीत. अहो, भाजीतून साल, बी, दोरा काढला तर उरतं काय?"

"तेच बघायचंय," मास्तर म्हणाले.

आणि "ही चालेल," म्हणत बाईंनी मला खिळ्यावरून काढलं.

मित्रांनो, इथून माझे खरे दिवस सुरू झाले. भोपळा, गाजर, टोमॅटो, वाटाणे, सगळं मऊ शिजवून माझ्यात यायचं. बाई पळीच्या पाठीने दाबत, गोल गोल फिरवत. वर राहायची सालं, बिया, धागे. खाली उतरायची केशरी, लाल, हिरवी साय. सहा वाटाण्यांमागे सालांचा एवढासा चिमटा वर, आणि खाली जेमतेम अर्धा चमचा. एवढ्याने माणूस उभा राहील? मला खरं वाटेना. मी मास्तरांवर नजर ठेवली.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी भिंतीला हात न लावता स्वयंपाकघर ओलांडलं. पाचव्या आठवड्यात मनगटावरचं घड्याळ घसरायचं थांबलं. सातव्यात खिडकीतून ओरडले, "अहो, ब्रेक! ब्रेक दाबा!" रस्त्यावरचा कुणी अनोळखी माणूस गाडी मागे घेताना चुकत होता. तो आवाज ऐकून मी खिळ्यावर शहारले. तो आवाज वाटाण्याचा होता, मित्रांनो! काल माझ्यातून हिरवा होऊन टपकला होता, आज गल्ली हलवत होता. एवढ्याशा अंधाऱ्या, आजारी पोटात कोण बसून हे करत असेल? मी पोलादाची आहे, पण त्या मऊ कारखान्यापुढे मी काहीच नाही. तिथे भोपळ्याचं मनगट होतं आणि गाजराचं हसू.

साठाव्या दिवशी भर दुपारी, नुकतीच पुन्हा सुरू केलेली शिकवणी चालू असताना मास्तरांना कळ आली. शिकाऊ मुलीनेच गाडी चालवत त्यांना घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, "या वेळी औषधावर निभावलं. आजपासून पुन्हा तीन महिने मोजा. आणखी एकदा आली तर शस्त्रक्रियेची तारीख ठरवू."

"काय खाल्लंस बाहेर?" वन्संनी विचारलं.

"काही नाही."

"तू आणि काही नाही? लग्नात नवरदेव असून पंगतीत आधी बसलेला माणूस तू!"

दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला घेताना बाईंनी मास्तरांचे खिसे तपासले. एका खिशात भुईमुगाची शेंग निघाली. अख्खी, न फोडलेली, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. बाईंनी ती ओट्यावर ठेवली. दारात मास्तर उभे होते.

"खायला नाही ठेवली," ते म्हणाले. "नुसता हात लावायला. हात खिशात गेला की सापडते, बरं वाटतं."

"अरे, हे कुणाला पटेल?" वन्सं म्हणाल्या.

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी ओट्याकडे. त्या दिवसापासून मास्तर जेवायला बसत, पण वाटी अर्धी ठेवत. "नको आता," एवढंच म्हणत. घड्याळ पुन्हा घसरू लागलं.

आणि मला सगळं ठाऊक होतं. शेंग निर्दोष होती. दोष माझा होता. नवऱ्याच्या पोटात मागच्या जेवणाचा कणही जाऊ नये म्हणून बाई मला दिवसातून दोनदा तारेच्या घासणीने खसाखसा घासत. त्या मायेने काठाखालच्या माझ्या चार तारा तुटल्या होत्या. पळी दाबली की तिथून टोमॅटोचं साल गुंडाळी होऊन निसटे. दाट लाल सायीत ते कुणाला दिसणार? पण गाळणीला तोंड असतं ते वरच्या बाजूला, आणि तेही बोलायला नाही.

चौथ्या दिवशी बाई एका जुन्या पुस्तकाचं काम संपवून तशाच स्वयंपाकघरात आल्या. बांधणीच्या कामात त्यांची एक सवय होती: प्रत्येक पान शिवण्याआधी उजेडाकडे धरायचं, कुठे विरलंय का पाहायचं. हात अजून त्याच चालीत होता. त्यांनी मला उचललं आणि खिडकीकडे धरलं.

हजारो बारीक उजेडांमध्ये एक मोठा उजेड निघाला.

बाईंनी शिजलेला टोमॅटो माझ्यात ओतला. मग पळीने दाबून पाहिलं, खालची साय पांढऱ्या बशीत पसरली. सालाच्या तीन गुंडाळ्या. "वन्सं," त्यांनी हाक मारली, "चोर सापडला. घासून घासून मीच केलाय."

वन्संनी बशी पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा सल्ला न देता त्या नवी गाळणी आणायला निघाल्या.

बाई ओट्यावरची शेंग घेऊन मास्तरांपुढे गेल्या, त्यांच्या शर्टाच्या खिशात ती ठेवली आणि वरून खिसा थोपटला.

"माझी वस्तू जप्त केली होती," मास्तर म्हणाले.

"चुकून झाली. आज वाटी पूर्ण संपवा."

"मोठी वाटी आणा."

त्या संध्याकाळी घरात नवी गाळणी आली, आणि तिच्यासाठी मऊ कापड. नव्वद दिवस मोजून झाले. कळ आली नाही. डॉक्टरांनी तपासलं, वाट थोडी रुंदावली होती. "दोष गाळणीचाच होता, हे मी छातीठोकपणे नाही सांगणार," ते म्हणाले, "पण नवी गाळणी सोडू नका." तारीख काही ठरली नाही.

मी आता बाईंच्या कामाच्या मेजावर असते. पुस्तकं चिकटवायची खळ माझ्यातून गाळतात. एखादी गुठळी निसटली तर पुस्तकाला कळ येत नाही. मास्तर येता-जाता खिसा चाचपतात आणि मला टिचकी मारतात.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमची माया आहे त्याला जपा, पण माया करणारा हातही कधीकधी हलका ठेवा. आणि घरात काही बिघडलं, तर माणसाचे खिसे तपासण्याआधी भांडी उजेडाकडे धरून पाहा. आम्हाला राग येत नाही. उजेडात धरलं की आम्ही सगळं खरं सांगतो.