मागे गेलेला अर्धा तास

घरात तो दादा होता आणि कामावरही दादाच. बहिणीनं एकदा हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चार लोकांदेखत "अरे दादा, डबा विसरलास घरी," अशी हाक मारली आणि त्या दिवसापासून कॉम्प्युटर विभागाच्या साहेबापासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांनी तेच नाव उचललं. त्यालाही ते आवडायचं. बहीण त्याच हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर नर्स होती. घरात तिला बारकी म्हणत. आता ती त्याच्याहून दणकट झाली होती, पण एकदा चिकटलेलं नाव कुठे सुटतंय.

दादाची जागा तळघरात. खिडकी नाही, बारा महिने एसीची घरघर, आणि कपाटाएवढ्या जाळीदार पेट्यांतून लुकलुकणारे हिरवे दिवे. हॉस्पिटलचा सगळा कारभार तिथल्या एका जुन्या सर्व्हरवर चालत होता. कुठल्या पेशंटला कधी आणलं, कुठलं औषध कधी दिलं, डॉक्टर कधी आले, वॉर्डातल्या पडद्यावर नर्सनं बटण दाबलं की नोंद त्यात जायची आणि तिच्यावर वेळेचा शिक्का सर्व्हर स्वतः मारायचा. तो सर्व्हर आता रडतखडत चालला होता. म्हणून दोन नवीन मशीन आणली होती. मशीन दोन, पण त्यांच्यावर डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदींचं कोठार, एकच. एक कोसळलं तर दुसऱ्यानं हूं की चूं न करता ओझं उचलायचं.

ऐकायला सोपं, पण हा डेटाबेस चढवायच्या आधीची तयारीच माणसाचा जीव खाते. दोन्ही मशीनवर त्यांना चालवणारं लिनक्स सारखंच हवं. खाती सारखी, खात्यांचे क्रमांक सारखे, मेमरीच्या मर्यादा सारख्या, दोघांमधल्या खासगी केबलचे पत्ते बिनचूक. जुळ्या पोरांना एकाच ताग्यातलं कापड शिवावं तसा प्रकार. आणि घड्याळं तर डोळ्यात तेल घालून जुळवायची, कारण वेळेत फरक पडला की एक मशीन दुसऱ्यावरचा विश्वास सोडतं आणि त्याला सरळ बाहेर ढकलतं. हे सगळं जमलंय का ते पाहणारा एक तपासणीचा प्रोग्राम असतो. तो चुका लाल अक्षरांत दाखवतो, आणि अगदी खाष्ट असतो.

दादाची एक खास पद्धत होती. तो पडद्यावर प्रत्येक मशीनची वेगळी खिडकी उघडायचा आणि सगळ्या खिडक्या एकमेकींना बांधून टाकायचा. मग एका ठिकाणी टाइप केलं की तेच अक्षर एकाच वेळी सगळीकडे उमटायचं. दोन मशीन सारखी ठेवायची तर याहून सोपा मार्ग नाही, आणि पाहणाऱ्यावर छापही पडते. साहेब कुणाला घेऊन खाली आला की दादा मुद्दाम ते करून दाखवायचा.

त्या दुपारी तपासणीत एकच गोष्ट लाल येत होती, ती म्हणजे घड्याळं. बाहेरच्या जगाकडून अचूक वेळ घ्यायला परवानगी लागत होती आणि ती सुरक्षा विभागात कुणाच्या तरी टेबलावर झोपली होती. दादा वैतागला. पहिल्या नवीन मशीनचं घड्याळ कारखान्यातून आल्यापासून अर्धा तास मागे होतं. असेना का, त्यानं विचार केला, सध्या दोघांची वेळ एक असली की झालं, खरी वेळ परवानगी आल्यावर लावू. त्यानं हुकूम टाइप केला, की पहिल्या मशीनची वेळ घ्या, हळूहळू नको, आत्ताच्या आत्ता घ्या. एंटर दाबला. तपासणी पुन्हा चालवली. सगळं हिरवं आलं. तो खुर्चीत मागे रेलला आणि चहाला गेला.

सकाळी एक सेटिंग पडताळायला त्यानं जुन्या सर्व्हरचीही खिडकी उघडली होती. तीही बाकीच्यांना बांधलेलीच राहिली होती.

चहा पिऊन आल्यावर खिडक्या बंद करताना त्याला ते दिसलं. ज्याच्यावर अख्खं हॉस्पिटल चालत होतं त्या सर्व्हरचं घड्याळ अर्धा तास मागे गेलं होतं. त्यानं आजूबाजूला पाहिलं, कुणी नव्हतं. दोन हुकुमांत त्यानं वेळ पुन्हा पुढे आणली, फोनवर ताडून पाहिली आणि कुणाचा फोन येतो का याची वाट पाहत बसला. फोन आला नाही. सुटलो, असं तो स्वतःशी म्हणाला. असा हात चुकणं या धंद्यात सगळ्यांचं होतं आणि सगळेच ते गिळून टाकतात.

त्याच अर्ध्या तासात दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवरचे एक म्हातारे गृहस्थ गेले.

बारकीची पाळी दोनला सुरू झाली होती. अडीच वाजून गेल्यावर त्यांना धाप लागली. तिनं ऑक्सिजन लावला, पडद्यावर तातडीची नोंद केली आणि डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर पाच मिनिटांत आले. त्यांनी छाती दाबली, इंजेक्शनं दिली, पण काही उपयोग झाला नाही. तीनला थोडा वेळ असताना त्यांनी मृत्यूची नोंद केली. तोवर दादा चहा पिऊन आला होता आणि घड्याळ ठीक झालं होतं.

म्हाताऱ्याच्या मुलानं तक्रार केली. चौकशी बसली. छापून काढलेला कागद बारकीसमोर ठेवला गेला. त्यावर तिची तातडीची नोंद दोन वाजून गेल्या गेल्याची होती आणि डॉक्टरांची जवळजवळ तीनची. डॉक्टर म्हणाले, "मला बोलावल्यावर मी पाच मिनिटांत तिथे होतो आणि वीसेक मिनिटं खटपट केली." ते खरंच बोलत होते. मग मधला अर्धा तास गेला कुठे? पेशंट गुदमरतोय हे पाहून, तशी नोंद करून, ही बाई अर्धा तास करत काय होती? वॉर्डाचा फोन हॉस्पिटलच्या आतल्या आत चालणारा, त्याची नोंद कुठेच राहत नाही. आयाबाईला विचारलं तर ती म्हणाली, मी घड्याळ बघून लाद्या पुसत नाही. इतर वॉर्डांतल्या नोंदीही तेवढ्याच मागे पडल्या असणार, पण तिथे कुणी दगावलं नव्हतं, म्हणून त्या कुणी पाहिल्या नाहीत.

बारकीला घरी बसवलं गेलं. त्या संध्याकाळी ती ताटासमोर बसली होती, पण घास उचलत नव्हती. आई सारखी म्हणत होती, "अगं, दोन घास तरी खा." बारकीनं मान वर केली.

"दादा, एक विचारू? तुमच्या त्या सर्व्हरची वेळ चुकू शकते का रे?"

दादाच्या हातातला घास हातातच राहिला. त्या क्षणी त्याला सगळं लख्ख कळलं. तो दिवस, ती दुपार, ती तिसरी खिडकी. बोलायला तोंड उघडलं आणि त्याच्या डोळ्यांपुढे साहेब उभा राहिला. चालू हॉस्पिटलच्या घड्याळाला हात लावणारा माणूस दुसऱ्या दिवशी नोकरीवर राहत नाही. बारकीची नोकरी तशीही लोंबकळत होती, आपलीही गेली तर आई काय खाणार? आणि बारकीला काय, ताकीद देऊन सोडतील. इतकी वर्षं एक डाग नाही तिच्यावर.

"छे गं," तो म्हणाला. "अख्ख्या हॉस्पिटलला वेळ तो देतो. तो कसा चुकेल?"

"मग मीच चुकले असेन," बारकी म्हणाली, आणि आईच्या समाधानासाठी तिनं भाजी चिवडली.

भेकड माणसाला वेळ मिळाला की तो त्याचं काय करतो? पुढे ढकलतो. दादानं तेच केलं. घड्याळ मागे गेल्याची नोंद जुन्या सर्व्हरमध्ये अजून होती. ती काढून चौकशीच्या टेबलावर ठेवायची, एवढंच काम होतं. रोज सकाळी तो ठरवायचा आणि रोज कामाचा डोंगर पुढ्यात यायचा. नवीन डेटाबेस चढला. जुन्या नोंदी त्यात ओतताना त्यानं त्या वेळेप्रमाणे लावून घेतल्या आणि त्यांना नवे क्रमांक दिले. आधीच्या क्रमांकांवरून कुणाला तरी दिसलं असतं, की या नोंदी आल्या नंतर आणि वेळ मात्र आधीची सांगतायत. तीही खूण गेली. मग एके दिवशी साहेब त्याच्या मागे येऊन उभा राहिला.

"दादा, तो जुना डबा पुसून दे बघू. आणि त्याचे बॅकअपही उडव, जागा अडलीय नुसती."

"आज नको साहेब. थोडे दिवस राहू दे ना."

"कशाला? पूजा घालायचीय का त्याची? पूस."

साहेब हसत होता, हलायचं नाव घेत नव्हता. खिशात पेन ड्राइव्ह होता. एक फाइल उतरवायला कितीसा वेळ लागला असता? पण साहेबानं विचारलं असतं, हे काय घेतोयस? दादानं पुसायचा हुकूम टाइप केला. या वेळी एकच खिडकी उघडी आहे ना, हे मात्र त्यानं दोनदा पाहिलं. त्याचा त्यालाच संताप आला, आणि तरीही त्यानं एंटर दाबला.

ताकीद मिळाली नाही. निकाल लागला तेव्हा बारकीची नोकरी तर गेलीच, नर्सच्या पटावरून नावही काढलं. म्हणजे इथेच काय, कुठल्याच दवाखान्यात तिनं कुणाला इंजेक्शन टोचायचं नाही. आई दारात बसून रडली. बारकी रडली नाही. तिनं कपाटातला धुतलेला युनिफॉर्म काढला, पुन्हा नीट घडी घातली आणि खालच्या कप्प्यात सारला.

ते पाहून दादाला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी तो साहेबासमोर उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. घड्याळ, तीन खिडक्या, चहा. शरमेनं त्याचे कान जळत होते. साहेबानं दार लावून घेतलं.

"काही पुरावा आहे?"

"होता. पुसला गेला."

"कुणी पुसला?"

"मीच. तुम्ही मागे उभे होता."

साहेब खुर्चीतून उठला. मग त्यानं दादाच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात झिडकारावा असं दादाला वाटलं.

"बहिणीसाठी माणूस काय काय बोलतो, ते मला कळतं. माझीही बहीण आहे. पण हे बाहेर बोलू नकोस. तिचं काही परत यायचं नाही आणि तू मात्र हकनाक बुडशील. जा, घरी जा आज."

चौकशीवाल्या तिघांना दादा भेटला, तर ते इतकंही बोलले नाहीत. भाऊ ना तुम्ही तिचे, एवढं विचारून त्यांनी त्याला वाटेला लावलं. तोवर त्याला वाटत होतं, की खरं बोलायला धैर्य लागतं. आता ते बोलून झालं होतं, आणि खोटं बोलणाऱ्या माणसाकडे पाहावं तसे लोक त्याच्याकडे कीव करून पाहत होते.

उरली एक बारकी. निदान तिला तरी कळू दे, असं म्हणत तो घरी आला. ती गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. त्यानं तिच्या हातातली चादर काढून घेतली, तिला स्टुलावर बसवलं आणि समोर फरशीवर बसून पहिल्यापासून सांगितलं. काही लपवलं नाही. तिनं ताटावर विचारलं तेव्हाच आपल्याला कळलं होतं, हेही सांगितलं. "तू अर्धा तास वाया घालवला नाहीस," तो म्हणाला. "तो अर्धा तास नव्हताच बारके. तो मी केला. मला मार, घराबाहेर काढ, आईला सांग. पण तुझी चूक नाही, एवढं ऐक."

तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झालं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. राग मात्र नव्हता. त्यानं रागाचीच तयारी केली होती.

"किती विचार केलास रे यावर," ती म्हणाली आणि तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. "तीन खिडक्या काय, चहा काय. माझ्यासाठी एवढं सगळं जुळवलंस."

"जुळवलं नाही! हे झालंय!"

"बरं. पण दादा, आता नको. त्या लोकांनी मला इतक्यांदा विचारलं, की मी रोज पडल्या पडल्या ती दुपार आठवत बसले. आधी काहीच नीट आठवत नव्हतं. आता आठवतं." तिनं चादर त्याच्याकडून परत घेतली आणि घडी घालायला लागली. "आजोबा तोंडानं श्वास घेत होते. मी नोंद केली, आणि पाय इतके दुखत होते, की खिडकीपाशी खुर्ची होती तिच्यावर जरा टेकले. म्हटलं, दोन मिनिटं. मी बसले होते, दादा. मला दिसतं ते."