बांच्या माहेरचा लसूण

जामनगरजवळ ध्रोलला आमच्या परसात बा, म्हणजे माझ्या सासूबाई, दर वर्षी लसणाचे चार वाफे लावायच्या. बी त्यांच्या माहेरचं, भाणवडचं. जांभळट, बारीक पाकळीचं. बाजारचा गड्डा त्यांनी वाफ्यात कधी शिरू दिला नाही. पण सलग दोन हिवाळे थंडी पडलीच नाही. पात हिरवीगार वाढायची, उपटलं की खाली नुसता गोल कांदा, पाकळी धरलेलीच नाही. दुसऱ्या वर्षी चार वाफ्यांतून धड असे पाचच गड्डे निघाले.

त्यातच बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. भादरव्यात ते पाच गड्डे माझ्या पदरात टाकून म्हणाल्या, "प्रफुल्ला वहू, आता हे तू सांभाळ. गेलं तर गेलं."

गेलं तर गेलं म्हणणाऱ्या बाईचा आवाज तसा नव्हता.

जामनगरच्या रोपवाटिकेतल्या हरदासभाईंना मी विचारलं. त्यांनी सांगितलं, लसणाला थंडी लागते, बाहेर नसेल तर घरात द्या. दीड महिना फ्रिजमध्ये ठेवा, मग लावा. बांचं मत मला ठाऊक होतं: गारठलेलं बी मेलेलं बी. म्हणून काही न बोलता गड्डे कापडी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवले. दिवाळीनंतर पाकळ्या सोडवून लावल्या आणि तेव्हापासून नीट झोप लागली नाही. सगळं बी मी एकाच डावाला लावून बसले होते.

फागणात पात पिवळी पडली. बा खाटेवर बसून बघत होत्या. डोळ्यांचं ऑपरेशन तोवर झालं होतं. पहिला गड्डा उपटला. गोल कांदा. दुसरा मात्र जड लागला. माती झटकली, साल काढली, तर नऊ पाकळ्या. तिसराही तसाच. चौथाही.

मी तिथंच मातीत बसले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

बांनी गड्डा डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ न्याहाळला.

"दीड महिना फ्रिजात?"

"हो, बा."

"आणि मी रोज त्याच फ्रिजातली छास पीत होते. म्हटलं, वास कसला येतो."

मग त्यांनी भाणवडला भावाला फोन लावला. बी जगलं, एवढंच चारदा सांगितलं. संध्याकाळी बाजरीचे दोन रोटले खाल्ले, वर अर्धा मागितला.