धाकटीच्या श्वासाचा वास

गव्हाची कापणी रंगात आली होती आणि थोरली-धाकटीचं भांडणही. त्या दोघी सख्ख्या जावा, मी शेजारीण. माझी पात नेमकी दोघींच्या मधोमध, त्यामुळं दोन्हीकडचं माझ्याच कानावर.

थोरली म्हणाली, "सकाळपासून अख्खी कळशी एकटीनं संपवलीस. वर घटकेघटकेला बांधाआड. काम नको असेल तर तोंडानं सांग."

"तहानच भागत नाही, जाऊबाई."

"पोटात विहीर खणलीय का काय?"

मी हसले. धाकटी एरवी एकाला चार ऐकवणारी, आज गप्प. तेव्हाच कळायला हवं होतं. पण ऊन असं, की डोक्यातलं शहाणपण वितळून जावं.

थोड्या वेळानं ती पोट धरून खाली बसली आणि भडाभडा ओकली.

त्यांचे सासरे पेंढ्या बांधत होते. "पित्त झालं असेल. सावलीला पडू दे, उन्हं कलली की उतरेल."

थोरली तणतणत उठली. पदर ओला करून तिचं तोंड पुसायला वाकली आणि तशीच थबकली.

"तोंडाला पिकून उतरलेल्या फळांसारखा वास येतोय. काय खाल्लंस?"

"काहीच नाही. दोन दिवस ताप होता."

"आणि सुई?"

धाकटीला साखरेचा आजार. रोज इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागायची.

"जेवतच नव्हते, म्हणून घेतली नाही," ती पुटपुटली. नुसती बसलेली, तरी श्वास लोहाराच्या भात्यासारखा खोल चालला होता. डोळे मिटत होते.

थोरलीचा राग कुठल्या कुठं गेला. "मामंजी, हे पित्त नाही. नर्सबाईनं बजावलं होतं. तहान, ओकारी, पोटदुखी, असा भात्यासारखा श्वास अन् तोंडाला फळांचा वास, असं दिसलं की घरी बसायचं नाही. अन् आजारपणात आपल्या मनानं सुई तर बंद करायचीच नाही."

ट्रॉलीत पेंढ्या भरून निघालेला ट्रॅक्टरवाला म्हणाला, "एवढा माल खळ्यावर टाकून येतो, मग नेतो."

थोरली तडक ट्रॉलीत चढली आणि पेंढ्या खाली भिरकावू लागली. मीही चढले.

"अगं, गहू झडतोय," सासरे कळवळले.

"झडू द्या मामंजी. गहू पुढच्या सालीही येईल. जाऊ कुठून आणू?"

दवाखान्यात साखर पाचशेच्या वर निघाली. सलाईन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर अवघड होतं. ओळखलं कुणी?"

थोरली लाजली. "मी. रोज हिच्या तोंडाला तोंड लावून भांडते. वास बदलला तर मलाच कळणार की."

चौथ्या दिवशी धाकटी घरी आली. तोवर सासऱ्यांनी झडलेला गहू दाणा दाणा वेचला होता. संध्याकाळी ताट वाढलं, तर ते ताट सरकवून बसले.

"आधी तिची सुई. मग माझा घास."

तेव्हापासून त्या घराचा हाच नेम. धाकटीला भूक असो नसो, म्हाताऱ्याला कडकडून लागते. त्यामुळं सुई एकदाही चुकलेली नाही.