नेपाळचा माल

मिल बंद पडली तेव्हा गोपीनाथ दोन वर्षं घरी बसून होता. पेपर वाचायचा, सरकारला शिव्या द्यायचा आणि बायकोच्या, शोभनाच्या प्रत्येक कामात खोट काढायचा. शेवटी त्याला सांवेर रोडवर वनस्पती तुपाच्या कारखान्यात काम मिळालं आणि शोभनाने सुटकेचा निःश्वास टाकला. मल्हारगंजातल्या घराच्या पुढच्या खोलीत तिनेही स्वेटर विणायच्या दोन मशिनी टाकल्या.

मग नेपाळशी करार झाला. तिथल्या मालावरची जकात गेली. शोभनाला नेपाळी सूत स्वस्तात मिळू लागलं आणि तिसरी मशीन आली. त्याच रस्त्याने नेपाळी तुपाचे डबेही आले आणि गोपीनाथच्या कारखान्यात एकच पाळी उरली.

एके दिवशी तो म्हणाला, उद्या पलासियाला धरणं आहे, तूही चल, बायका असल्या की पेपरात फोटो येतो. नेपाळचा सगळा माल बंद करा, अशी मागणी होती.

"सगळा? सूतसुद्धा?" तिने विचारलं.

सुताचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोघांचं चांगलंच जुंपलं. तिचा भाचा हृषीकेश, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा, नेमका जेवायला आलेला. त्याने समजावलं, की तुपाला लागणारं पामतेल बाहेरून येतं. त्यावर नेपाळची जकात कमी, आपली जास्त, म्हणून तिथला डबा स्वस्त. दोन्ही देशांनी बाहेरच्या मालावर एकच जकात लावली, जकात संघ केला, तर हा खेळ संपेल.

"मग करा ना एकच."

"पण मावशी, मग नेपाळला आपल्याएवढी जकात लावावी लागेल. तिथल्या गरिबाला सगळंच महाग. मोठा बाजार मिळतो खरा, पण आपले दर आपण ठरवायचा हक्क जातो."

लाँग रनमध्ये मात्र सगळ्यांचाच फायदा, असंही तो म्हणाला. शोभनाने भाताचं पातेलं आपटलं. मिल बंद पडल्यापासून ती हेच ऐकत होती.

ती धरण्याला गेली नाही. पुढे सरकारने नेपाळी तूप आणि सूत, दोन्हींच्या आयातीवर मर्यादा घातली. सूत महागलं, तिसरी मशीन तिने झाकून ठेवली. निदान ह्यांची नोकरी तरी टिकेल, असं मनाला समजावलं.

पण पाळी वाढली नाही. एके दिवशी गोपीनाथ चपला काढता काढता हळूच म्हणाला, कारखान्याच्या सेठजींनी नेपाळात बीरगंजला जागा घेतली आहे, तिकडे तेल स्वस्त पडतं. इथल्या मशिनी तिकडे चालल्यात. जुन्या माणसांनी त्या बसवायला आणि चालवायला यावं म्हणतात.

"म्हणजे ज्या मालाविरुद्ध घोषणा दिल्यात, तोच करायला जाणार तुम्ही?"

"धरण्याला चहा सेठजींनीच पाठवला होता," तो म्हणाला, जणू हेच उत्तर होतं.

 मग राहायला खोली देणार का, जेवणाचं काय, सुटी कधी, असं शोभना एकेक विचारत गेली. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"काहीच विचारलं नाहीत?"

"नाही."

"मग उद्या आधी विचारून या," ती म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली.