हेल्मेटातल्या किल्ल्या

पहिली किल्ली हेल्मेटात पडली तेव्हा दत्तात्रेय दचकले. मांडीवर उलटं ठेवलेलं ते हेल्मेट त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. हेल्मेट सुमेधचं होतं, त्यांच्या मुलाचं. त्या दिवशी डोक्यावर होतं ते नव्हे. जुनं, माळ्यावर पडून असलेलं.

"राहू द्या काका, असंच," शलाका म्हणाली. "थांबलो की सगळ्यांच्या चाव्या यात. हा आमचा नियम आहे. म्हणजे, सुमेधनेच लावलेला."

एकेक जण येत होता, किल्ली टाकत होता, हेल्मेटाला हात लावून तो हात कपाळाला नेत होता आणि चहाच्या टपरीकडे वळत होता. देवळात करावं तसं. दत्तात्रेयांना ते नको वाटत होतं, पण मुलाच्या मित्रांना तसं सांगायचं कसं, हे त्यांना सुचेना. ते बाकड्यावर अंग चोरून बसून राहिले.

मागच्या वळणावर मैलाच्या दगडाला हार घालून सगळे आताच इथे थांबले होते. गेल्या महिन्यात त्याच वळणावर वरातीहून परतणाऱ्या एका जीपने सुमेधला उडवलं होतं. भरदुपारी, आणि चालवणारा प्यायलेला. त्या दिवशी झाशीहून निघालेले हे सगळे समथर गावी पोचलेच नाहीत. ती राहिलेली वाट आज पुरी करायची आणि काकांना बरोबर न्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. दत्तात्रेय शलाकाच्या मोटरसायकलवर मागे बसून, बराच वेळ डोळे मिटून, इथवर आले होते. सुमेधच्या मागे ते कधीच बसले नव्हते.

चैतन्य सर्वांत शेवटी आला. कारखान्याच्या कॉलनीत तो आणि सुमेध शेजारीशेजारी वाढले होते. लाल दोरा बांधलेली किल्ली त्याने हेल्मेटात टाकली आणि तो पाया पडायला वाकला. वेलचीचा वास आला. त्याच्याखाली आणखी कसला तरी.

"बरा आहेस ना रे?"

"समथरला पोचलो की बरा होईन, काका."

तो गेला. दत्तात्रेयांनी चष्मा पुसला. आपल्याला भास झाला असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. पेट्रोलचा वास असेल. कारखान्यात सगळी नोकरी त्यांनी यंत्रभागांचे नकाशे काढण्यात घालवली होती. प्रत्येक माप पुन्हा पुन्हा तपासायचे आणि तरीही सही करताना शेजारच्याला विचारायचे. पलीकडे चैतन्य आपल्या गाडीला टेकायला गेला आणि त्याचा अंदाज चुकला. त्यांच्यातल्याच श्यामसुंदरने त्याचा दंड धरून त्याला सावरलं, आणि मग घाईने दुसरीकडे पाहिलं.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

"शलाका," त्यांनी विचारलं, "या चाव्यांचं सुमेध काय करायचा?"

"निघताना तोच वाटायचा. सगळ्यांत मागे चालवायचा ना तो! चावी देताना प्रत्येकाला विचारायचा, सकाळी काय खाल्लंस? उत्तर मिळाल्याशिवाय सोडायचा नाही." ती हसली. "आम्ही चिडवायचो, मास्टरजी हाजिरी ले रहे हैं."

"खाण्याचं कशाला?"

"खाण्याचं नव्हे हो, काका." तिचं हसू थांबलं. "बोलताना तोंडाकडे बघायचा. कोणाची झोप झालेली नसेल, कोणी घेतलेली असेल... मग चावी सुमेधच्याच खिशात. आणि प्रत्येकाला चावी मिळून हेल्मेट रिकामं झाल्याशिवाय पुढची गाडी हलायची नाही. पुढची म्हणजे माझी."

"आणि आज?"

शलाकाने हातमोजे चढवले, काढले, पुन्हा चढवले.

"आज तुम्ही नुसत्या वाटा, काका. आशीर्वाद म्हणून."

दत्तात्रेय वाटू लागले. एकेक हात पुढे येत होता, किल्ली घेऊन जात होता. गाड्या सुरू झाल्या. कोणी उगाच मूठ पिळून इंजिन घुमवत होतं, कोणी जागच्या जागी पाय बदलत होतं. उन्हात धूर आणि धूळ एक झाली. हेल्मेटात लाल दोऱ्याची किल्ली तेवढी उरली.

चैतन्यने हात पुढे केला.

"सकाळी काय खाल्लंस?"

इंजिनांच्या आवाजात ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

चैतन्य हसला. "काय काका, तुम्हीपण?"

दत्तात्रेय त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहिले.

"चावी द्या ना."

त्यांनी किल्ली उचलली आणि सदऱ्याच्या खिशात, पेनाशेजारी टाकली. खिशाचं बटण लागेना.

"काए कक्का, का हो गओ?" श्यामसुंदर गाडीवरूनच ओरडला. मग उतरून जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "जाने दो कक्का, आज के दिन... मैं बगल में चलूँगा इसके."

दत्तात्रेयांनी मान हलवली. नाही.

"मला थांबवणार?" चैतन्यचा आवाज चढला. "तुमच्याच मुलासाठी चाललोय ना मी! तो इथवरच आला, आता मीपण इथवरच?"

दत्तात्रेयांनी मनात एक वाक्य जुळवलं, ते त्यांना कठोर वाटलं. बदललं तर खोटं वाटू लागलं. सगळ्यांचा दिवस आपण नासवतो आहोत. समथर त्यांनाही पाहायचं होतं. सुमेध तिथल्या बाजाराविषयी एकदा काहीतरी सांगत होता आणि ते वर्तमानपत्र वाचत होते. ते खिशावर तळहात दाबून बसून राहिले.

पुढे शलाकाची गाडी मागची सीट रिकामी ठेवूनच हलली. थोडी गेली आणि थांबली. मागे न पाहता ती तशीच बसून होती. मग तिने इंजिन बंद केलं, गाडी स्टँडवर लावली आणि चालत परत आली. आपली किल्ली तिने हेल्मेटात टाकली. या वेळी हेल्मेटाला हात लावला नाही, कपाळालाही नाही.

एकेक इंजिन बंद होत गेलं. एकेक किल्ली आत पडत गेली. श्यामसुंदरने उन्हाला एक शिवी घातली आणि आपलीही टाकली.

चैतन्य मोकळा हात घेऊन मध्येच उभा होता. एक ट्रक गेला, त्याचा वारा अंगावर आला. मग तो बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला, आणि बाकडं त्या बाजूला कलंडलं. हेल्मेट घसरू नये म्हणून दोघांनीही एकदमच हात घातला.

किल्ल्यांकडे पाहत तो म्हणाला, "काही नाही. कालपासून काहीच नाही खाल्लं."

दत्तात्रेयांनी मान डोलावली.

"भैया," त्यांनी टपरीकडे पाहून हाक मारली. ती पोचली नाही. ते उठून उभे राहिले, हेल्मेट चैतन्यच्या मांडीवर ठेवलं आणि पुन्हा हाक मारली. या वेळी टपरीवाल्याने मान वर केली.