डॉर्कसआजीच्या पेटीवरून

डॉर्कसआजी शनिवारी गेली आणि त्याच संध्याकाळी इव्हलिनाच्या सात महिन्यांच्या पोरीला ताप चढला. सोमवारी मातीला निघेपर्यंत तो उतरला नव्हता. या पणतीवर आजीचा भारी जीव. मेलेल्याचा ज्या लेकरावर जीव, ते पुरण्याआधी शवपेटीवरून हातोहात पलीकडे द्यायचं, म्हणजे तो त्याला न्यायला परत येत नाही. बेटावर सगळेच हे पाळत. इव्हलिनाला कालपर्यंत त्यात काही खरं वाटत नव्हतं. आज पोरीचं अंग नुसतं भाजत होतं.

जुनी दफनभूमी आता गोल्फच्या मैदानाच्या कुंपणात गेली होती. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं शववाहिका सोडली, मागच्या चार गाड्या सोडल्या आणि इव्हलिनाच्या गाडीपुढे दांडा खाली केला.

"यादीत नाव नाही, बाई."

"माझी आजी आहे हो ती! मावशीनं माहेरचं नाव घातलं असेल."

"ऑफिसातून फोन आला की सोडतो."

फोन काही येईना. शेजारी बसलेले प्रिन्सकाका जन्मभर खाडीत जाळं फेकत आलेले. ते गाडीतून उतरले.

"दे ती पोर इकडे. अजून ओहोटी आहे, खाडीकडून जाऊ."

"आणि भरती लागली तर?"

"लागणारच. म्हणून म्हणतो, तोंड मीट आणि चाल."

चिखल पोटरीपर्यंत येत होता. कालवांच्या धारदार शिंपल्यांनी इव्हलिनाचे अनवाणी तळवे कापले. मागून पाणी आलं, आधी घोट्याला, मग गुडघ्याला. तेवढ्यात काकांच्या खांद्यावरची पोर रडायची थांबली.

"काका, ती रडत का नाही?"

"श्वास घेतेय. पुढे बघ."

ओकच्या झाडांखालून मातीची गाणी आणि टाळ्यांचा ठेका ऐकू आला. खड्ड्यात सोडायला पेटी दोरांवर चढली होती.

"थांबा!" इव्हलिना किंचाळली.

"किती गं ताटकळवायचं आईला!" रूथीमावशी खेकसली. पण दोरवाल्यांना तिनंच थांबवलं आणि पलीकडे जाऊन हात पसरले.

इव्हलिनानं काकांकडून पोर घेतली आणि पेटीवर धरली, पण तिची पकड सुटेना.

"सोड," मावशी हळूच म्हणाली. "मी धरलंय."

तिनं सोडलं. पोर पेटीवरून पलीकडे गेली आणि तिनं मावशीच्या कानाशी असं भोकाड पसरलं, की गाणारे गाता गाता हसले.

ताप आणखी दोन दिवस राहिला. कानात पू झालाय, असं सांगून डॉक्टरनं औषध दिलं. बुधवारी दुपारी पोर पोटभर दूध प्याली आणि झोपली. मग इव्हलिना मागच्या पायरीवर जाऊन बसली, आणि आजी गेल्यापासून पहिल्यांदाच आजीसाठी रडली.