पान लावून होईपर्यंत

काळी मूठ, बोराहून जरा मोठी, अंगठा टेकतो तिथे घासून घासून गुळगुळीत झालेली... ती ओढली की तार ओढली जाते, तार ओढली की इंजिनाचं डिझेल तुटतं, आणि एवढं मोठं धूड एक आचका देऊन गप्प होतं. स्टॉपर. महिपती सकाळपासून त्या मुठीकडे बघत होता — म्हणजे बघत नव्हता, बघत होता रस्त्याकडेच, पोटापाण्याचा धंदाच तो — पण नजरेच्या कडेला ती सारखी होती, आणि तिच्या पलीकडे गुरुबसप्पा मिस्त्रीचा गुडघा होता, इस्त्रीच्या पँटमधला. गुरुबसप्पाला ऑइलच्या डागांशिवाय पाहायची सवयच नसल्यामुळे तो गुडघा कुणा परक्या माणसाचा वाटत होता. मागच्या सीटवर तुळजापूरला निघालेल्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, मांडीवर ओटीच्या पिशव्या घेऊन, आणि कुणाच्या तरी सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवणं चाललं होतं.

"काढू का ठिवू?" गुरुबसप्पानं निघताना विचारलं होतं. "सांच्यापर्यंत सांग बे. काढायचं म्हनलास तर दुपारी काढून देतो. मागनं कोन न्हाय काढनारं."

संध्याकाळच्या गाडीनं गुरुबसप्पा मुंबईला जाणार होता आणि तिथून विमानानं मस्कतला, कामाला. हे महिनाभर ठरलेलं होतं. महिनाभर महिपतीनं त्यावर 'बरं' याखेरीज काही म्हटलं नव्हतं. त्याचं तसंच होतं. कुणी काही विचारलं की ते आत कुठे तरी खोल जायचं, आणि उत्तर परत वर येईपर्यंत विचारणारा उठून गेलेला असायचा. बायको, मुक्ताबाई, तर शेजारणींसमोर म्हणायची, "आमच्या ह्यास्नी सकाळी विचारावं, भाजी कशाची करू? सांच्याला भांडी घासाया बसलं की म्हनत्यात, वांग्याची कर."

काढायचं की ठेवायचं हा प्रश्न होता एका चाकाचा. ते महिपतीच्या इंजिनाला बसून दोन पावसाळे झाले होते, पण त्याला सोलापुरात अजून धड नाव नव्हतं. गुरुबसप्पा टर्बो म्हणायचा; उजनीच्या धरणावर परदेशी यंत्रं दुरुस्त करताना तो हा शब्द शिकला होता. प्रवासी शिट्टी म्हणायचे, कारण घाटात गाडी बारीक शीळ घालायची. महिपती मनातल्या मनात त्याला भोवरा म्हणायचा, आणि हे त्यानं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. गाडी जुनी डॉज. पेट्रोल परवडेना तेव्हा तिचं मूळ इंजिन उतरवून डिझेलचं बसवलं, आणि त्या दिवसापासून ती तुळजापूरच्या घाटात कण्हायला लागली. निम्म्या घाटात बायकांना उतरून चालावं लागे. बजाबाई नावाची एक म्हातारी दर पौर्णिमेला यायची, ती चालत वर पोचून दगडावर बसायची आणि मागून धापा टाकत येणाऱ्या गाडीला हाक मारायची — "ये बाई, ये! आईला सांगून ठिवलंय, तू येतीयास म्हून!" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि महिपतीचे कान तापायचे. तो नुसता गिअर बदलायचा. पण गुरुबसप्पाला कुणीतरी सांगितलं असावं, कारण धरणावरची जुनी यंत्रं भंगारात निघाली तेव्हा लिलावातून तो गोणपाटात गुंडाळून ते चाक घेऊन आला, गोगलगाईच्या पाठीसारखं दिसणारं, आणि महिपतीच्या दारात ठेवून म्हणाला, "जो धूर फुकट चाललाय, त्येला कामाला लावू. धूर चाक फिरवंल, चाक हवा कोंबंल. बास."

...घाट आला. महिपतीनं पाय दाबला. काहीच झालं नाही — नेहमीसारखंच काही झालं नाही, ते इवलंसं रिकामं थांबणं आलं, चाक वेग घेईपर्यंतचं — आणि मग मागून कुणीतरी पाठीवर तळवा ठेवून सावकाश पुढे लोटावं तशी गाडी चढू लागली. शीळ सुरू झाली. गुरुबसप्पानं डोळे मिटले. तो आज देवीला आला नव्हता, त्याचा देव सिद्धेश्वर, तो सोलापुरातच, तळ्यात बसलेला. तो आज शेवटचं ऐकायला आला होता. त्याचं ते ऐकणं बघताना महिपतीला विजेचे खांब आठवले... नाही, विजेचे नव्हे, तारखात्याचे. अक्कलकोटच्या रस्त्याला. दोघं पोरं, चड्डीला नाडी नाही, खांबाला कान लावून उभी. आत गुणगुण चाललेली. गुरुबसप्पा म्हणाला होता, ही मानसं बोलत्यात, लांबची. काय बोलत्यात रे? आणि गुरुबसप्पा डोळे मिटून, अगदी असाच, खांबाला गाल लावून बराच वेळ ऐकत राहिला होता आणि मग म्हणाला होता, कानडीत बोलत्यात, तुला न्हाई कळायचं. तेव्हा किती राग आला होता. आता शीळ वर वर चढत होती, उन्हात रस्ता पांढरा पडत होता, मागच्या बायकाही बोलायच्या थांबल्या होत्या, आणि महिपतीला वाटलं की हा घाट असाच लांबत जावा, तुळजापूर येऊच नये, वर वर आणखी एक वळण असावं, आणि त्यावर आणखी एक...

चाक बसवल्यावर गुरुबसप्पानं त्याला पथ्यं सांगितली होती, वैद्यानं सांगावीत तशी. सकाळी गार इंजिनाला एकदम दाबायचं नाही, तेल वर चढू द्यायचं. ऑइल लवकर बदलायचं, काळं पडायची वाट बघायची नाही. फिल्टर धुवायचा, सोलापूरची धूळ आणि गिरण्यांचं कापसाचं पिंजण दोन्ही त्याच्या नरड्यात जातं. डिझेलचा स्क्रू जास्त पिळायचा नाही, हाव धरली की काळा धूर येतो आणि काळा धूर आला की चाक गेलं समजायचं. आणि शेवटचं, सगळ्यांत मोठं — पोचल्या पोचल्या स्टॉपर ओढायचा नाही.

"का?"

"चाकाच्या दांड्याला तेल कोन देतंय? इंजिन. इंजिन बंद, तेल बंद. पन चाक थांबतंय व्हय लगीच? ते फिरतच ऱ्हातंय, तापलेलं. कोरडं फिरतंय. कोरडं फिरलं की जळतंय."

"किती वेळ चालू ठिवायचं मग?"

महिपतीच्या हातात घड्याळ नव्हतं. गुरुबसप्पानं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच्या कमरेची चंची दिसली तेव्हा हसला. "पान लाव. चुना, कात, सुपारी, सगळं बैजवार. पान लावून झालं की ओढ स्टॉपर."

हे ऐकायला सोपं होतं, पण महिपती हा सोलापूरचा ड्रायव्हर होता. उतार लागला की इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायची, गिऱ्हाईक उतरायच्या आत स्टॉपर ओढायचा, डिझेलचा थेंब थेंब वाचवायचा — हे तो शिकला नव्हता, हे त्याच्या हाताला आपोआप येत होतं. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून पान लावत बसायचं म्हणजे नळ सोडून दारात गप्पा मारत उभं राहण्यासारखं होतं. पहिले काही दिवस त्याचा जीव तुटायचा. मग हळूहळू असं झालं की त्या तेवढ्या वेळात त्याला काय काय आठवायला लागलं. वडील गेले त्या दिवशीसुद्धा तो दुपारची फेरी मारून आला होता. त्या वडिलांचा आवाज एकदा पानाला चुना लावताना कानाशी आला, अगदी स्पष्ट, बैलाला हाक मारल्यासारखा, आणि तो मेल्या माणसाचा आवाज ऐकत बसून राहिला. वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, इतकं बरं की चोरी केल्यासारखं वाटलं. आयुष्यात कुणी त्याला थांबायला सांगितलं नव्हतं, ते गुरुबसप्पानं सांगितलं, आणि तेही यंत्रासाठी.

गाडी तुळजापूरच्या तळावर थांबली. आणि महिपतीच्या हातानं स्टॉपर ओढला.

आचका. मग शांतता — आणि त्या शांततेत, बॉनेटखालून, बारीक, उंच, एकट्यानं फिरणाऱ्या त्या चाकाचा आवाज.

बायका उतरत होत्या, पिशव्या सावरत होत्या, "लई झ्याक चढली बया आज" असं कुणीतरी म्हणालं. गुरुबसप्पा खाली उतरला, पुढे गेला आणि तापलेल्या बॉनेटवर त्यानं कान ठेवला. चांगला वेळ ठेवला. मग गाल चोळत सरळ झाला.

"इसरलो," महिपती म्हणाला.

"हां," गुरुबसप्पा म्हणाला. "एकदानं काय हुत न्हाय."

तेवढंच. पण परतीच्या सगळ्या उतारावर महिपतीच्या मनात तेच फिरत राहिलं. विसरलो? दोन पावसाळ्यांत एकदा विसरलो नाही. आजारी असताना विसरलो नाही, पोलिसानं काठी आपटली तेव्हा विसरलो नाही... हात विसरला की हातानं केलं? कारण मूठ ओढली त्याच क्षणी, आवाज विरायच्या आधीच, त्याला सगळं दिसलं होतं — दांडा जळालेला, चाक अडकलेलं, गुरुबसप्पा इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गाडीखाली सरकलेला, शिव्या घालतोय, "उद्याच्या गाडीनं जातो बे," म्हणतोय, आणि उद्या पुन्हा काहीतरी... हे त्यानं ठरवलं नव्हतं. पण ते तयार होतं, रंगवलेल्या चित्रासारखं, मुठीच्या पलीकडेच टांगलेलं. स्वतःच्या हाताची त्याला भीती वाटली. स्टिअरिंगवरचा तो हात त्यानं धोतराला पुसला.

"हितं तुझी एक गाडी," गुरुबसप्पा बाहेर बघत आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला. "धरनाचं काम सरत आलं. तितं मस्कतला म्हनं एका शेडात शंभर चाकं फिरत्यात असली. शंभर, महिपती. कसला आवाज येत आसंल." त्याच्या तोंडावर त्या खांबाला कान लावणाऱ्या पोराचा चेहरा आला होता, आणि महिपतीला कळलं की याला मस्कत दिसत नाहीये, पैसाही दिसत नाहीये, याला फक्त ऐकू येतंय. अशा माणसाला काय म्हणून थांबवायचं? पण थांबव, थांबव, असं आत काहीतरी चाललंच होतं.

दुपारी सोलापुरात, सात रस्ता चौकाजवळच्या गॅरेजात गुरुबसप्पानं बॉनेट उघडलं. हत्यारं वाटून टाकली होती, एक पाना तेवढा ठेवला होता. त्यानं पाना पहिल्या नटाला लावला आणि मान वर केली.

"ठिवलं तर तुलाच सांभाळावं लागंल. तेलाची नळी फुटली तर इंजिन जाईल, धंदा बसंल तुजा. काढलं तर गाडी हुती तशी. म्हातारी हसंल, दुसरं काय न्हाय. बोल."

काम पुरं झालं की गुरुबसप्पा नेहमी कानडीत म्हणायचा — "आयतु." झालं. हात पुसायचा आणि म्हणायचा. महिपती त्या एका शब्दाची वाट पाहत, त्याच्या भीतीनं, उभा राहिला. बोलायला हवं होतं. तोंडात पान होतं, म्हणून बोलता येत नाही असं दाखवता आलं. ठेवलं तर रोज हा आवाज कानी येणार आणि शेजारची सीट रिकामी. काढलं तर... काढलं तर हा माणूस इथं कधी होता याला खूण काय? बाहेर सायकली जात होत्या. गुरुबसप्पानं बराच वेळ वाट पाहिली, मग पाना काढला, नट फडक्यानं पुसला आणि बॉनेट खाली घेतलं. 'आयतु' म्हणाला नाही.

स्टेशनच्या आवारात दिवे लागत होते. हमाल, टांगे, पेढ्यांचे पुडे, कुणाचं तरी रडणारं पोर. गुरुबसप्पानं ट्रंक उतरवली, मग खिडकीशी आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्यानं सीटवर ठेवलं. महिपतीनं कागद बाजूला केला. तांब्याची नळी होती, तेलाची, बरोबर त्या जागेसाठी वाकवलेली, दोन्ही टोकांना चिंधी बांधलेली. तांबं काळवंडलेलं होतं. आजचं काम नव्हतं ते, महिन्याभरापूर्वीचं असावं, आणखीही जुनं.

म्हणजे 'काढू का ठिवू' विचारायच्या आधीच...

दार उघडायला महिपतीनं हात घातला.

"बस बस," गुरुबसप्पा म्हणाला. त्यानं खिडकीच्या काठावर दोन बोटं ठेवली आणि उचलली. "आत्ता आलाईस की. लगीच बंद करू नगो. पान लाव." आणि ट्रंक खांद्यावर घेऊन तो गर्दीत गेला, इस्त्रीची पँट, परका गुडघा, पण चाल तीच, एक पाय जरा बाहेर टाकायची.

महिपतीनं चंची सोडली. पानाची शीर काढली. चुना लावला, कात लावला, सुपारी कातरली. इंजिन संथ चालू होतं. फलाटावर गाडी लागल्याची धडधड जमिनीतून सीटपर्यंत आली. पानाची घडी घालता घालता ते आलं, सकाळपासूनचं, की महिन्याभराचं, की त्या खांबापासूनचं, खूप खोलातून निघून, वाटेत कुठे कुठे थांबत.

"ऱ्हा की बे," महिपती म्हणाला.

शेजारच्या सीटवर नळी होती. तिला ऐकू गेलं असेल तर गेलं. त्याचे डोळे भरले आणि त्यानं ते पुसले नाहीत, कारण हाताला चुना होता. पण गंमत अशी की बोलून झाल्यावर गुरुबसप्पानं थांबावं असं त्याला वाटेना. शंभर चाकं फिरणारी ती शेड त्याला दिसू लागली, आणि तिच्यात डोळे मिटून उभा असलेला गुरुबसप्पा. त्याला तिथून काढून आणायला हात पुढे होईना.

पान लावून झालं. त्यानं मूठ हलकेच ओढली. गाडीनं आचका दिला. मग तो खाली उतरला, हमाल बघत होते तरी पुढे गेला आणि बॉनेटवर कान ठेवला. पत्रा गालाला ऊन लागला. आत ते फिरत होतं — बारीक, तेलानं ओलं, आपल्याआपण. पलीकडे शिट्टी झाली, फलाटावरची माणसं हलली, चाकांचा खडखडाट सुरू होऊन लांब लांब गेला. आतला आवाज कमी होत होता. की लांब जात होता? तो थांबला, की ऐकू येईनासा झाला, हे महिपतीला सांगता येईना, आणि ते लगेच कळायला हवं असंही त्याला वाटेना. हातातलं पान तसंच होतं. "तुळजापूर का?" कुणीतरी मागून विचारलं. महिपतीनं कान उचलला नाही. उत्तर येईल, जरा वेळानं.